बीरगंजला कारखाना काढावा का? नेपाळच्या पुढच्या दहा वर्षांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सांगली जिल्ह्यातले. मिरची कांडप, हळद पॉलिश, छोटी डाळ मिल अशी यंत्रं बनवतात. चुलते बऱ्याच वर्षांपासून काठमांडूत गलाईचं (सोनं-चांदी गाळायचं) दुकान चालवतात, आणि ते म्हणतात, इकडे ये, बीरगंजला किंवा भैरहव्याला (दोन्ही भारताच्या सरहद्दीजवळची नेपाळी शहरं) जुळणीचा कारखाना टाक. शंका तीन आहेत. समुद्र नसलेल्या देशात धंदा टिकतो का? नेपाळ चीनकडे झुकला तर भारतीय माणसाचं काय? आणि 2025 च्या सप्टेंबरात सिंहदरबार, म्हणजे तिथलं मंत्रालय, जळताना पाहिल्यावर या देशावर दहा वर्षांचा भरवसा ठेवावा का?

मी अर्थतज्ज्ञ नाही. न्हावा शेवाला कस्टम्स क्लिअरिंगमध्ये सुरुवात केली, मग कोलकाता, आणि पुढची बरीच वर्षं रक्सौल-बीरगंज, म्हणजे अलीकडे बिहारमधलं रक्सौल आणि पलीकडे नेपाळचं बीरगंज. त्यामुळे माझं उत्तर मालाच्या बाजूने येईल, ते तेवढं गृहीत धरा.

आधी समुद्राचं. नकाशा पाहून वाटतं की बंदर नाही म्हणजे अंतर जास्त, म्हणून खर्च जास्त. पण कोलकात्याहून रक्सौल साधारण 700 किलोमीटर. नागपूरचा व्यापारी न्हावा शेवावरून माल आणतो तेव्हा त्याला त्याहून जास्त अंतर पडतं, आणि नागपूरला कोणी दुर्दैवी म्हणत नाही. फरक असा की नागपूरच्या वाटेवर दुसरं सरकार बसलेलं नाही. अंतराचे पैसे ट्रकवाला घेतो, ते आधी कळतात आणि हिशेबात धरता येतात. सरहद्दीचा खर्च दिवसांत येतो, आणि किती दिवस हे कोणी सांगू शकत नाही.

एक किस्सा सांगतो. सीलवर इलेक्ट्रॉनिक नजर नव्हती तेव्हाचा, ट्रान्झिटच्या, म्हणजे भारतातून नुसत्या पुढे जाणाऱ्या मालाच्या, कागदाच्या प्रती हातोहात फिरायच्या त्या काळातला. बीरगंजच्या एका व्यापाऱ्याचा पंख्यांच्या सुट्या भागांचा कंटेनर होता. माल चीनचा. निंगबोहून जहाजाने सिंगापूर, तिथून छोट्या जहाजाने हुगळी नदीतून कोलकाता, मग रक्सौल. चीनला खेटून असलेल्या देशात चीनचा माल असा अर्ध्या आशियाला वळसा घालून येतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. तर जहाज कंपनीच्या कागदावर सील नंबरात शेवटचा आकडा 1 होता आणि दारावरच्या सीलवर 7. टंकलेखनाची चूक. माल बरोबर, वजन बरोबर, सील शाबूत. पण ट्रान्झिटचा माल भारतातून शुल्क न भरता जात असतो, वाटेत उतरवून विकला तर भारताचा महसूल बुडतो, म्हणून सील हाच त्याचा जीव. दुरुस्तीचं पत्र परदेशातून येईपर्यंत एकोणीस दिवस गेले. बंदराचं भाडं वेगळं, कंटेनर वेळेत परत न केल्याचा दंड वेगळा, तोही डॉलरमध्ये. त्या खेपेवर त्या माणसाला एक पैसा सुटला नाही. पुढल्या वर्षी त्याने पंखे जोडणं सोडून भारतातले तयार पंखे विकायला घेतले. समुद्र नसलेल्या देशात कारखाने का उभे राहत नाहीत, याचं उत्तर मला पुस्तकांपेक्षा त्या एका आकड्यात जास्त सापडलं.

आता हे बरंच सुधारलंय. कंटेनरवर इलेक्ट्रॉनिक सील लागतं, सरहद्दीवरची कागदांची फेरी कमी झाली. विशाखापट्टणमचं बंदर 2017 नंतर खुलं झालं. ते लांब आहे, पण खोल पाण्याचं असल्यामुळे मोठी जहाजं थेट लागतात, कोलकात्यासारखं नदीच्या भरतीकडे डोळे लावून बसावं लागत नाही. रक्सौलला आणि पलीकडे बीरगंजला नवी एकात्मिक चेकपोस्ट झाली. कंटेनर गाड्यांची मक्तेदारी 2021 मध्ये संपली, खासगी गाड्या आल्या. ट्रान्झिट कराराचं 2023 मध्ये नूतनीकरण झालं, त्यात नदीमार्गही आले. यातलं काहीच बातम्यांत गाजत नाही, पण पुढच्या दहा वर्षांत नेपाळचं काही भलं झालंच तर त्यातला मोठा वाटा अशा रटाळ कामांचा असेल.

भूराजकारणाकडे येतो. नेपाळी माणूस स्वतःच्या देशाला समुद्र नसलेला म्हणत नाही, भारताने वेढलेला म्हणतो, आणि त्याला कारण आहे. 1989 च्या मार्चमध्ये व्यापार आणि ट्रान्झिटचे करार संपले, भारताने रक्सौल आणि जोगबनी सोडून बाकीची नाकी बंद केली. वर्षभर हाल झाले, त्यातच 1990 मध्ये पंचायत राजवट (राजाच्या हाताखालची, पक्षांना बंदी असलेली) गेली. दुसरी वेळ मी डोळ्यांनी पाहिली. 25 एप्रिल 2015 ला भूकंप, जवळपास नऊ हजार माणसं गेली. 20 सप्टेंबरला नवी राज्यघटना आली आणि तराईतले, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यातले, मधेशी पक्ष त्यावर चिडले. रक्सौल-बीरगंजच्या मध्ये मितेरी पूल आहे, त्यावर आंदोलक तंबू ठोकून बसले. भारत म्हणायचा आम्ही काही अडवलेलं नाही, नेपाळ म्हणायचा तुम्हीच अडवलंय. मी एवढंच सांगतो की जिथे आंदोलक बसले नव्हते त्या नाक्यांवरही गाड्या पुढे सरकत नव्हत्या. काठमांडूत गॅसचे सिलिंडर अर्धे भरून विकत होते. फेब्रुवारी 2016 पर्यंत हे चाललं. तुमच्या चुलत्यांना विचारा, ते या विषयावर तासभर बोलतील.

आंतरराष्ट्रीय कायदा इथे किती उपयोगी? सागरी कायद्याच्या करारातलं कलम 125 म्हणतं की समुद्र नसलेल्या देशाला समुद्रापर्यंत जायचा हक्क आहे. पण अटी शेजाऱ्याशी करार करून ठरवायच्या, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे हक्क कागदावर आहे, किल्ली शेजाऱ्याकडे. जगात असे 32 विकसनशील देश आहेत आणि सगळ्यांची गोष्ट इथेच येऊन थांबते.

नाकाबंदीनंतर तेव्हाचे पंतप्रधान ओली बीजिंगला गेले आणि मार्च 2016 मध्ये चीनशी ट्रान्झिट करार केला. 2019 मध्ये त्याचे नियम ठरले: तियानजिनसह चार बंदरं आणि तीन सुकी बंदरं (समुद्रापासून दूर, जमिनीवरची मालतळं). काठमांडूत मिठाई वाटली गेली. पण तियानजिन नेपाळच्या सरहद्दीपासून तीन हजार किलोमीटरहून दूर आहे. म्हणूनच तो पंख्यांचा कंटेनर कोलकात्याहून आला. चीनकडची नाकी दोनच कामाची, तातोपानी आणि रसुवागढी, तिसरं मुस्तांगमधलं कोरला नुकतं खुलं झालेलं. तातोपानी 2015 च्या भूकंपाने मोडलं आणि सावरायला वर्षं लागली. रसुवागढीचा मितेरी पूल 8 जुलै 2025 च्या पुरात वाहून गेला, आयात होऊन उभ्या असलेल्या विजेवरच्या गाड्याही नदीत गेल्या. तिबेटमधल्या केरुंगहून काठमांडूला येणाऱ्या रेल्वेच्या प्राथमिक अभ्यासात नेपाळच्या हद्दीतला 98 टक्क्यांहून जास्त मार्ग बोगदे आणि पूल निघाला. ती रेल्वे मी हयातीत पाहीन असं मला वाटत नाही.

(दक्षिणेकडच्या रेल्वेत आपली माणसं आहेत. रक्सौल-काठमांडू या सुमारे 140 किलोमीटरच्या मार्गाचं अंतिम सर्वेक्षण कोकण रेल्वेने केलं. जयनगर-कुर्था मार्गावर 2022 पासून धावणाऱ्या डेमू गाड्याही कोकण रेल्वेनेच पुरवल्या. पहिल्यांदा जनकपूरला त्या गाडीशेजारी उभा राहिलो तेव्हा उगाचच रत्नागिरी आठवली.)

तेव्हा नेपाळ चीनकडे जाणार का, याला माझं उत्तर असं की भाषणं जातील, माल जाणार नाही. काठमांडूतला प्रत्येक पंतप्रधान चीनचं पान हातात धरून दिल्लीशी खेळतो, आणि दोन्ही बाजूंना माहीत असतं की ते पान लहान आहे. बेल्ट अँड रोडवर, म्हणजे चीनच्या रस्ते-रेल्वे-बंदरांच्या योजनेवर, 2017 मध्ये सही झाली, पुढचा आराखडा डिसेंबर 2024 मध्ये. चिनी कर्जातून मोठं उभं राहिलं ते पोखराचं विमानतळ, आणि तिथे नियमित आंतरराष्ट्रीय विमानं फारशी येत नाहीत. अमेरिकेच्या 50 कोटी डॉलरच्या अनुदानावर संसदेबाहेर दगडफेक झाली, शेवटी फेब्रुवारी 2022 मध्ये मंजुरी मिळाली. त्यातून विजेच्या वाहिन्या व्हायच्या आहेत. त्या वीज कुठे नेणार? भारतात.

विजेवर थोडं थांबतो, कारण नेपाळच्या बाबतीत मला आशा वाटते ती एवढ्याच ठिकाणी. विजेला बंदर लागत नाही, सील लागत नाही, रिकामा कंटेनर परत करावा लागत नाही. मी रक्सौलला नवा होतो तेव्हा काठमांडूत हिवाळ्यात दिवसाचे सोळा-सोळा तास अंधार असायचा. 2021 मध्ये 456 मेगावॉटचा अप्पर तामाकोशी सुरू झाला, स्थापित क्षमता तीन हजार मेगावॉटच्या पुढे गेली, आणि 2023-24 मध्ये वर्षभराचा हिशेब पहिल्यांदा निर्यातीच्या बाजूला झुकला. जानेवारी 2024 मध्ये भारताने दहा वर्षांत 10,000 मेगावॉट घेण्याचा करार केला. त्याच वर्षी 15 नोव्हेंबरला भारताच्या तारांतून 40 मेगावॉट बांगलादेशाला गेली. रक्कम किरकोळ, पण नेपाळने तिसऱ्या देशाला काही विकलं आणि ते कोलकात्यात अडकलं नाही, ही गोष्ट मला मोठी वाटते.

अडचणीही तितक्याच खऱ्या. बहुतेक प्रकल्प वाहत्या नदीवरचे, साठा नाही. पावसाळ्यात वीज उतू जाते, पौष-माघात भारताकडून विकत घ्यावी लागते. चिनी पैसा किंवा चिनी ठेकेदार असलेल्या प्रकल्पाची वीज भारत घेत नाही, म्हणजे प्रकल्प बांधायच्या आधीच बाजू निवडावी लागते. आणि सप्टेंबर 2024 च्या पुराने दाखवलं की नद्या आता पूर्वीच्या हिशेबाने वागत नाहीत, त्या पुरात अनेक वीजघरं बंद पडली.

या विजेचा एक परिणाम फार कमी लोक लक्षात घेतात. नेपाळमध्ये आयात होणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांत आता बहुसंख्य विजेवरच्या आहेत. आयात शुल्क कमी ठेवलं, हे कारण आहेच. पण मोतिहारी-अमलेखगंज पाइपलाइन 2019 मध्ये आली, पेट्रोल-डिझेल सगळं इंडियन ऑइलकडूनच येतं, आणि 2015 ची आठवण अजून ताजी आहे. स्वतःच्या नदीवर चालणारी गाडी हे नेपाळचं नाकाबंदीला दिलेलं मला दिसलेलं पहिलं खरं उत्तर. तियानजिनचा करार नव्हे.

आता तुमच्या खिशाशी संबंधित गोष्टी. नेपाळची अर्थव्यवस्था कारखान्यांवर चालत नाही, मनीऑर्डरवर चालते. 2024-25 मध्ये परदेशातल्या नेपाळ्यांनी 1,723 अब्ज नेपाळी रुपये घरी पाठवले, म्हणजे उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. त्याच वर्षी देशाची सगळी निर्यात 277 अब्ज. नव्या-जुन्या मिळून वर्षाला सात लाखांहून जास्त श्रम स्वीकृती (परदेशात कामाला जायचे परवाने) निघतात. रोजचे दोन हजार झाले. त्रिभुवन विमानतळावर पहाटे जाऊन बसा, एकाच रंगाच्या टोप्या घातलेली पोरं ओळीने दोहा, क्वालालंपूर, दुबईला जाताना दिसतील. तुम्हाला हवा असलेला फिटर त्या रांगेत आहे. बीरगंजचे कारखानदार वेल्डर आणि टर्नर पलीकडच्या चंपारणातून आणतात, तुम्हालाही तेच करावं लागेल.

या पैशाने परकीय चलनाची गंगाजळी भरलेली दिसते, पंधरा महिन्यांहून जास्त आयातीला पुरेल इतकी. वर्तमानपत्रं खूश असतात. मला त्यात आजार दिसतो. आयात मंद आहे, बँकांत पैसा पडून आहे आणि कर्ज घ्यायला उद्योजक नाही, म्हणूनही ती फुगली आहे. हेच चक्र उलटं फिरलं तर काय होतं ते 2022 मध्ये पाहिलं. साठा सात महिन्यांच्या खाली आला, सरकारने गाड्या, महागडे मोबाइल, दारू यांची आयात काही महिने बंदच केली, नेपाळ राष्ट्र बँकेच्या, म्हणजे तिकडच्या रिझर्व्ह बँकेच्या, गव्हर्नरांना निलंबित केलं. उद्या आखातात गडबड झाली की तिचा पहिला हादरा काठमांडूच्या बाजारात बसेल.

सप्टेंबर 2025 चं कारणही याच रांगेत आहे. सरकारने 26 समाजमाध्यमं बंद केली हे निमित्त. ज्या घरचा मुलगा कतारमध्ये आहे त्या घरचा रोजचा फोन त्याच माध्यमांवर चालतो, आणि इकडे नेत्यांच्या मुलांच्या चैनीचे फोटो फिरत होते. 8 तारखेला 19 जण गोळीबारात गेले, 9 ला ओलींनी राजीनामा दिला, संसद आणि सर्वोच्च न्यायालयही जळलं, 12 ला सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या आणि 5 मार्च 2026 ही निवडणुकीची तारीख ठरली. पण एक पाहिलंत का? त्या आठवड्यानंतर भन्सार, म्हणजे तिकडचं कस्टम्स, फार लवकर सुरू झालं. सरकारचा मोठा महसूल सरहद्दीवर गोळा होतो. सत्तेवर कोणीही येवो, त्याला पहिल्या महिन्यात भन्सार चालू लागतं. नेपाळमध्ये 2008 पासून सरकारं साधारण वर्ष-दीड वर्षाने बदलत आली, आणि तुमच्यासारख्या धंद्यासाठी तो धोका मी मधला समजतो. मोठा धोका दिल्लीतल्या एका अधिसूचनेचा आहे.

तो कसा, तर सोयाबीन तेल बघा. नेपाळमध्ये नाव घेण्याजोगं सोयाबीन पिकत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये भारताने खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं, रिफाइंड तेलावर एकूण 35.75 टक्के झालं. लगेच नेपाळच्या गिरण्या परदेशातून कच्चं तेल आणून, गाळून, शून्य शुल्काने भारतात धाडू लागल्या, आणि सोयाबीन तेल हीच नेपाळची सर्वांत मोठी निर्यात होऊन बसली. मे 2025 मध्ये भारताने कच्च्या तेलाचं शुल्क उतरवलं आणि त्या धंद्याचा पायाच हलला. लासलगावच्या कांद्याचंही तसंच. डिसेंबर 2023 मध्ये भारताने निर्यात बंद केली आणि काठमांडूच्या कालीमाटी बाजारात भाव काही दिवसांत जवळपास दुप्पट झाला. नेपाळला मनात धरून कोणी घेतलेले हे निर्णय नव्हते. दिल्लीत ते निवडणुका आणि शेतकऱ्यांकडे बघून होतात, आणि भोगतो शेजारी.

तेव्हा तुमचा कारखाना "नेपाळमध्ये जोडून भारतात विकू" या हिशेबावर उभा करू नका. कागदावर ते जमतं: तिसऱ्या देशाच्या मालाचा वाटा 70 टक्क्यांच्या आत आणि शुल्क वर्गवारीचा चार अंकी क्रमांक बदलला की माल बिनशुल्क येतो. पण भारतीय मानकांच्या परवान्यासाठी नेपाळी सिमेंट आणि प्लायवूडवाले किती रखडले ते बीरगंजमध्ये कोणीही सांगेल. नेपाळमध्ये विकायला बनवत असाल तर गोष्ट वेगळी. गावात माणूस उरला नाही, म्हणून हाताचं काम करणारं छोटं यंत्र खपतं. गिऱ्हाइकाकडे मुलाने पाठवलेली रोकड असते. विजेचा पुरवठा सुधारत चाललाय. शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी हा दर 1993 पासून हललेला नाही, तेव्हा कच्चा माल सांगली-कोल्हापूरचा आणि विक्री नेपाळमध्ये असेल तर डॉलरची धाकधूक नाही. मोटर किंवा बेअरिंग चीनहून मागवलंत की मात्र तुम्ही कोलकात्याच्या रांगेत उभे राहिलात.

24 नोव्हेंबर 2026 ही नेपाळ अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्याची ठरलेली तारीख. युरोपला गालिचे आणि पश्मिना विकणाऱ्यांना ती हळूहळू बोचेल, तुम्हाला नाही, कारण भारताशी करार स्वतंत्र आहे. फेब्रुवारी 2025 पासून पैशाच्या गैरव्यवहाराबद्दलच्या करड्या यादीत नेपाळ आहे, ते बोचेल: बँका जास्त कागद मागतात. परदेशी गुंतवणुकीची किमान मर्यादा दोन कोटी नेपाळी रुपये आहे. ती टाळायला चुलत्यांच्या ओळखीच्या स्थानिक माणसाच्या नावाने कंपनी काढायचा सल्ला मिळेल. तसं केलेल्यांपैकी दोघांना मी सगळं सोडून परत येताना पाहिलंय.

दहा वर्षांचा अंदाज मागितलात तर माझा असा: वाढ चार-पाच टक्क्यांच्या आसपास रखडत, वीज भरपूर, पोरं बाहेर, सरकारं येत-जात, आणि रक्सौलचं नाकं आजच्यापेक्षा जास्त गजबजलेलं. यात छोटा कारखाना चालतो. पहिली दोन वर्षं सांगलीहून तयार यंत्रं पाठवून विका, गोदाम आणि दुरुस्तीचा माणूस बीरगंजला ठेवा, जागा भाड्याची घ्या. आणि जागा बघायला दसैं-तिहारच्या, म्हणजे तिकडच्या दसरा-दिवाळीच्या, झगमगाटात जाऊ नका, जानेवारीत जा. तराईत धुकं असतं, ट्रक दिवसचे दिवस रेंगाळतात, नद्या आटलेल्या असतात. त्या आठवड्यात औद्योगिक वसाहतीत चार रात्री राहा आणि वीज किती वेळा जाते ते वहीत लिहून ठेवा.